सुटणे, फुटणे, धडकणे : रस्ते अपघातांच्या मराठी भाषेची चिकित्सा

प्रस्तावना

रस्ता सुरक्षा हा विषय आपल्याकडे परिवहन विभाग, पोलीस आणि अभियंते यांचा मानला जातो. महाविद्यालयांशी त्याचा संबंध येतो तो प्रामुख्याने जानेवारी महिन्यात. राष्ट्रीय सेवा योजनेची फेरी निघते, शपथ घेतली जाते, घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात आणि विषय पुढील जानेवारीपर्यंत मिटतो. भाषेच्या अभ्यासकाने यात पडावे असे काय आहे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. रस्त्यावरील मृत्यूविषयी मराठीत जे लिहिले जाते त्याला ठरावीक घाट आहे, त्या घाटात काही कारणे मावतात व काही मावत नाहीत, आणि जी मावत नाहीत ती दुरुस्तही होत नाहीत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. वृत्तपत्रातील बातमी, पोलिसातील फिर्याद आणि रस्त्याकडेचा फलक या तीन प्रकारच्या लेखनाची चिकित्सा येथे केली आहे.

ही चिकित्सा मोहोळसारख्या ठिकाणी करण्यास विशेष प्रयोजन आहे. पूर्वी क्रमांक ९ व २०१० च्या फेरक्रमांकनानंतर क्रमांक ६५ असलेला पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग या गावाजवळून जातो. येथूनच एक रस्ता पंढरपूरकडे व दुसरा वैरागमार्गे बार्शीकडे फुटतो. तालुक्यात टाकळी सिकंदर येथे भीमा सहकारी साखर कारखाना असल्याने उसाची वाहतूक ही येथील हिवाळ्याची खूणच आहे. दूरगामी मालवाहू वाहने, खासगी बसगाड्या, उसाच्या ट्रॉल्या, दुचाकीवरून शेताकडे निघालेले दांपत्य आणि पंढरीची पायी वाट धरलेले वारकरी हे सगळे एकाच परिसरातील रस्ते वापरतात. एवढ्या भिन्न वेगांचे सहअस्तित्व असलेल्या प्रदेशात मृत्यूचे वर्णन कोणत्या शब्दांत होते, याला महत्त्व आहे.

बातमीतील अकर्मक क्रियापदे

मराठीत काही क्रियापदांच्या जोड्या आहेत : सोडणे–सुटणे, फोडणे–फुटणे, तोडणे–तुटणे. जोडीतील पहिल्या रूपाला कर्ता लागतो. दुसऱ्या रूपात कर्ता नाहीसा होतो आणि घटना जणू स्वतःहून घडते. दोरी कोणी सोडली, असे विचारता येते. दोरी सुटली, एवढे म्हटले की तो प्रश्न मनात येत नाही. घरात काचेचा पेला पडला की लहान मूलसुद्धा 'मी फोडला' असे न म्हणता 'फुटला' असे म्हणते. मराठी माणूस हे व्याकरण शाळेत जाण्यापूर्वीच शिकतो व त्याचा उपयोगही त्याला तेव्हापासूनच कळतो.

अपघाताची बातमी जवळजवळ संपूर्णपणे या दुसऱ्या रूपांनी लिहिली जाते. चालकाचा ताबा सुटला. टायर फुटला. ब्रेक निकामी झाला. वाहन दुभाजकावर आदळले. धडक बसली. यातील प्रत्येक वाक्य वस्तुस्थितीला धरून असू शकते. परंतु सर्व वाक्ये एकाच जातीची असल्यामुळे वाचकाच्या मनावर होणारा एकत्रित परिणाम असा की, कोणी काहीही केले नाही आणि सर्व काही घडले. टायर किती झिजला होता, गाडीत किती माल भरला होता, चालक सलग किती तास जागा होता, दुभाजकाच्या टोकाला कोणते आवरण होते, हे प्रश्न 'फुटला' व 'आदळले' या क्रियापदांपाशी थांबतात. मग मथळ्यात 'काळाचा घाला' येतो. अंगावर आलेल्या आपत्तीला काळ म्हणणे ही मराठीची जुनी रीत आहे आणि शोक व्यक्त करण्यासाठी तिला पर्यायही सहज सापडणार नाही. मात्र वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर काळ हाच एकमेव कर्ता उरतो, तेव्हा शोकाची भाषा चौकशीची जागा घेते.

'अपघात' हा शब्दही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 'घात' या शब्दाचे मराठीतील इतर समास कर्त्याला सोडत नाहीत. विश्वासघात कोणीतरी केलेला असतो, आत्मघातात करणारा व मरणारा एकच असतो. नुसता 'घात' सुद्धा 'त्याने माझा घात केला' असा येतो. या कुळातील 'अपघात' मात्र लेखी मराठीत केला जात नाही, तो होतो. येथे बोलीचे उदाहरण उद्बोधक ठरेल. आपल्या भागात सामान्य माणूस 'जीपनं उडवलं' किंवा 'टेम्पोनं ठोकरलं' असे म्हणतो. त्यात कर्ता आहे, क्रिया सकर्मक आहे, राग आहे. तीच घटना लेखी मराठीत आली की 'जीपची धडक बसून' होते. अर्थात बोलीही सर्वत्र निर्दोष नाही. 'गाडीखाली आला' या प्रयोगात मेलेल्या पादचाऱ्यालाच कर्ता करून टाकण्याची किमया तिने साधली आहे.

याविषयी तीन उदाहरणे लक्षात घ्यावीत. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिवेघाटात संत नामदेवांच्या पालखी सोहळ्यातील दिंडीत जेसीबी यंत्र शिरले आणि दोघांचा मृत्यू झाला. कारण म्हणून 'ब्रेक निकामी झाल्याने' हे शब्द सर्वत्र आले. ब्रेक निकामी होणे ही यंत्राच्या देखभालीच्या दीर्घ कहाणीतील शेवटची ओळ आहे. बातमीत ती पहिली आणि शेवटची अशा दोन्ही जागी येते. जुलै २०२४ मध्ये डोंबिवली परिसरातून आषाढीसाठी पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांची बस मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला धडकून खड्ड्यात कोसळली व ५ जण मृत्युमुखी पडले. 'बस आणि ट्रॅक्टरची धडक' हे वर्णन अचूक आहे. परंतु ज्या मार्गावर ट्रॅक्टरला प्रवेशच नाही, तेथे मध्यरात्री तो पोहोचला कसा, हा प्रश्न 'धडक' या नामात सामावत नाही. तिसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातील आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सायंकाळी सांगोला तालुक्यातील जुनोनी येथे कोल्हापूर जिल्ह्यातून कार्तिकी वारीला पायी निघालेल्या दिंडीत भरधाव मोटार शिरली आणि ७ वारकरी ठार झाले. ऑक्टोबरअखेर सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, हे पंचांग न पाहताही सांगता येते. अंधारात चालणाऱ्या दिंडीच्या पाठीमागे प्रकाशाची काय व्यवस्था असावी, आषाढीला जो बंदोबस्त असतो त्याचा अंशमात्र तरी कार्तिकीला छोट्या दिंड्यांच्या वाट्याला यावा की नाही, रस्त्याकडेला चालण्याजोगी पट्टी असावी की नाही, हे प्रश्न 'दिंडीत शिरली' या क्रियापदाच्या अलीकडचे आहेत.

त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले होते. त्यानंतर देशभर चर्चा झाली ती मागच्या आसनावरील पट्ट्याची, पुलापाशी अरुंद होणाऱ्या मार्गिकेची आणि कठड्याच्या रचनेची. १४ ऑगस्ट २०२२ रोजी विनायक मेटे यांच्या अपघाती निधनानंतर मदत पोहोचण्यास लागलेल्या वेळेची चर्चा झाली. म्हणजे नेमके प्रश्न विचारण्याची क्षमता आपल्या माध्यमांत आहे. जुनोनीच्या वाट्याला तसे प्रश्न त्या प्रमाणात आले नाहीत. तेथे शोकसंदेश आणि सानुग्रह मदतीच्या घोषणा आल्या. मृताच्या सामाजिक स्थानानुसार बातमीचे व्याकरण बदलते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे.

येथे तालुका वार्ताहराविषयी न्यायाने बोलले पाहिजे. त्याला मिळणारी जागा बोटभर, मानधन त्याहून कमी आणि माहितीचा स्रोत बहुधा एकच : पोलीस ठाणे. तो जे लिहितो त्याचा मूळ मसुदा तेथे तयार झालेला असतो. म्हणून आता त्या मसुद्याकडे वळणे भाग आहे.

फिर्यादीचे एकच वाक्य

अपघाताच्या फिर्यादीतील भाषा महाराष्ट्रात थोड्याफार फरकाने सारखीच आढळते. आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात चालविले, असा तिचा सांगाडा असतो. भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ व ३०४-अ या कलमांभोवती हा सांगाडा घडला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होऊन त्या कलमांच्या जागी २८१ व १०६ आली, तरी शब्दकळा बदललेली नाही. बातमीत कर्ता नसतो, येथे तो ठळकपणे असतो. मात्र तो एकच असतो आणि तो ठरलेला असतो.

या वाक्यातील 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून' हे शब्द बारकाईने वाचावेत. रस्त्याची परिस्थिती हा अपघाताचा घटक आहे, हे येथे कायद्याच्या भाषेनेच मान्य केले आहे. परंतु मान्य करताना तिचा भार चालकावर टाकला आहे. खड्डा असेल, तर तो चालकाने पाहायला हवा होता; रस्ता दुभाजकापाशी अंधारात असेल, तर त्याने सावध असायला हवे होते. परिस्थितीकडे दुर्लक्ष चालकाचेच होऊ शकते. ती परिस्थिती निर्माण करणाऱ्याचे होऊ शकत नाही, असा या रचनेचा ध्वन्यर्थ आहे. वास्तविक २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ समाविष्ट झाले आहे. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल यांत विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. रक्कम क्षुल्लक आहे, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही वाक्यात दुसरा कर्ता येण्याची जागा कायद्याने निर्माण केली, ही घटना मोठी आहे. आपल्या फिर्यादीत व बातमीत तो कर्ता अद्याप क्वचितच दिसतो.

फिर्यादीतील हे वाक्य पुढे आकडेवारीत शिरते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,६८,४९१ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या. महाराष्ट्रातील संख्या १५,२२४ होती. यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात नोंदले आहेत. अतिवेग प्राणघातक आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ही वर्गवारी मुळात पोलिसांच्या नोंदीवरून केलेली आहे आणि त्या नोंदीच्या सांगाड्यात 'भरधाव' हा शब्द आधीपासून बसलेला आहे, हे विसरून चालणार नाही. जो शब्द सर्वच फिर्यादींत असतो तो कारण म्हणून किती सांगतो, हा प्रश्न संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी घ्यावा. याच अहवालात मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार आणि १९ टक्क्यांहून अधिक पादचारी आहेत. पादचारी भरधाव चालत नाही.

या संदर्भात २०२१ पासून देशभर राबविण्यात आलेली एकात्मिक रस्ते अपघात माहिती प्रणाली उल्लेखनीय आहे. आय-रॅड या नावाने परिचित असलेल्या या प्रणालीत पोलिसांबरोबर परिवहन, बांधकाम व आरोग्य या विभागांनीही आपापली माहिती भरावयाची असते. नमुना अर्ज ही सुद्धा एक प्रकारची वाक्यरचनाच आहे. कोणता रकाना आहे, यावर कोणते कारण अस्तित्वात येईल हे ठरते.

फलकावरील उपदेश

फलकांविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही, कारण त्यांतील विचार थोडा आहे. यमक जुळविणारे दोन चरण, त्यात घाई, संकट, घरी वाट पाहणारे कुटुंब आणि क्वचित यमराज. प्रस्तुत लेखकाला घोषवाक्य स्पर्धांचे परीक्षण करण्याचे प्रसंग आले आहेत. शंभरातील शंभर घोषवाक्ये वाहनचालकाला उद्देशून असतात. अभियंत्याला, कंत्राटदाराला, कारखान्याच्या ऊस वाहतूक विभागाला किंवा टोल घेणाऱ्याला उद्देशून विद्यार्थी काही लिहितच नाही. कारण असे लिहिता येते हेच त्याने कधी पाहिलेले नसते.

फलकांचा दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. 'अपघातप्रवण क्षेत्र' असा फलक जेथे लागतो तेथे यंत्रणेला धोका माहीत आहे, याची ती लेखी कबुलीच असते. मंत्रालयाच्या निकषानुसार साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू अथवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले किंवा १० जणांचा मृत्यू झाला, की ते ठिकाण 'ब्लॅक स्पॉट' ठरते. म्हणजे दहा माणसांनी प्राण देऊन रस्त्याचा दोष सिद्ध करावयाचा आणि त्यानंतर फलक लावून तो दोष पुढील वाटसरूच्या स्वाधीन करावयाचा. 'प्रवण' हे विशेषण क्षेत्राला लावल्यामुळे अपघात हा त्या जमिनीचा गुणधर्म वाटू लागतो, जशी एखादी जमीन चोपण असते. याउलट महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मालमोटारींच्या पाठीवरील 'हॉर्न ओके प्लीज' या अक्षरांवर बंदी घातली, तेव्हा ती ध्वनिप्रदूषण वाढविणारी अक्षरे आहेत असे कारण दिले होते. वाहनावर लिहिलेल्या शब्दांनी वर्तन घडते हे शासनाने एकदा मान्य केले आहे. रस्त्यावर लिहिलेल्या शब्दांबाबत तो विचार पुढे नेण्यास हरकत नसावी.

उसाची ट्रॉली : एका वाक्याची पुनर्मांडणी

वरील विवेचन आपल्या तालुक्यातील नित्याच्या प्रसंगावर तपासून पाहता येईल. गळीत हंगामात ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, बांधणीच्या बाहेर आलेले उसाचे वाढे, मागे दिवा नाही, परावर्तक असला तर चिखलाने माखलेला किंवा लोंबत्या उसामागे झाकलेला, हे दृश्य मोहोळ–पंढरपूर किंवा मोहोळ–वैराग रस्त्याने रात्री प्रवास करणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी असते आणि तिच्यामागे धोक्याची खूण म्हणून चार दगड ठेवलेले असतात. ट्रॉली निघून जाते, दगड तेथेच राहतात. दुसऱ्या दिवशी ते दगडच अपघाताचे कारण होतात. महामार्गावर लांबोटीला चिवड्यासाठी थांबणाऱ्या गाड्या निदान दिसतात तरी. अंधारातील उभी ट्रॉली दिसतच नाही.

अशा ट्रॉलीवर दुचाकी आदळून तरुणाचा मृत्यू झाला, तर बातमी होते : उभ्या ट्रॉलीला दुचाकीची पाठीमागून धडक. व्याकरणदृष्ट्या मृत तरुण हाच धडक देणारा ठरतो. नातेवाइकांनी फिर्याद दिली तर ट्रॅक्टरचालक आरोपी होतो. तो बहुधा हंगामासाठी आलेला, उचल घेतलेला माणूस असतो. या दोन्ही मांडण्यांमधून केंद्रीय मोटार वाहन नियमांतील परावर्तक व मागील दिव्यांची सक्ती, वजनकाट्यावर प्रत्येक खेपेला ट्रॉली पाहणारी व्यवस्था आणि रस्त्यालगत वाहन उतरविता येईल अशी भक्कम साइडपट्टी हे तिन्ही घटक निसटतात. आता हेच वाक्य पुढीलप्रमाणे लिहून पाहावे : मागील दिवा व परावर्तक नसलेली उसाची ट्रॉली साइडपट्टी खचलेली असल्याने रस्त्यावरच उभी केली होती, हेल्मेट न घातलेला दुचाकीस्वार तीवर आदळून मरण पावला. या वाक्यात चार कारणे आहेत. दुचाकीस्वाराची चूक लपविलेली नाही. चारही कारणे माणसाच्या हातातील आहेत आणि त्यांतील तीन उद्या सकाळी दुरुस्त करता येण्याजोगी आहेत. हंगामाच्या तोंडावर कारखान्यांच्या आवारात परावर्तक लावण्याचे कार्यक्रम होतात, ते स्वागतार्हच आहेत. पण हंगाम पाच महिन्यांचा आणि कार्यक्रम एका दिवसाचा असतो. छायाचित्रात चमकणारी लाल पट्टी पौषात किती ट्रॉल्यांवर शिल्लक असते, ही बातमी कोणी करीत नाही.

असाच दुसरा प्रयोग 'दुचाकीवरून पडून महिलेचा मृत्यू' हा आहे. 'पडून' या एका धातुसाधितात गतिरोधक, त्यावर न मारलेले पांढरे पट्टे, एका बाजूला बसण्याची सक्तीवजा रूढी, डोक्यावर नसलेले हेल्मेट आणि चाकात अडकलेला पदर असे सर्व काही गडप होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्या व्यक्तीलाही हेल्मेट बंधनकारक आहे. दुचाकीच्या मागील चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षक जाळीसारखे साधन केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे आवश्यक आहे. 'साडी गार्ड' म्हणून आपण ते ओळखतो आणि गाडीची शोभा जाते म्हणून काढून ठेवतो. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसताना मृत्यू पावलेल्या ५०,०२९ व्यक्तींपैकी १४,३३७ जण दुचाकीवर मागे बसलेले होते. घराघरात एकच हेल्मेट असते आणि ते कोणाच्या डोक्यावर असते, हे सांगण्याची गरज नाही.

'हलविण्यात आले'

आतापर्यंतची चर्चा मृत्यूविषयी झाली. जखमींच्या बाबतीत मराठी बातमी अधिकच संक्षिप्त होते. 'किरकोळ' आणि 'गंभीर' अशी दोन विशेषणे आणि शेवटी एक कर्मणी प्रयोग : पुढील उपचारासाठी सोलापूर येथे हलविण्यात आले. या वाक्यानंतर जखमी माणूस वर्तमानपत्रातून कायमचा नाहीसा होतो. त्याचा पाय राहिला की गेला, शेती कोणी केली, कर्ज किती झाले, हे कळत नाही.

अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा यंत्रणेचे १९६६ मधील पहिले प्रमुख, वैद्यक शाखेचे विल्यम हॅडन यांनी इजेचा विचार तीन टप्प्यांत करावा असे सुचविले : आघातापूर्वी, आघाताच्या क्षणी आणि आघातानंतर. तिसऱ्या टप्प्यात वेळ हेच औषध असते. मोहोळ ते सोलापूर हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे. 'हलविण्यात आले' या प्रयोगात कोणी हलविले, कशातून, किती वेळाने आणि वाटेत रक्तस्राव थांबविण्यास कोणी होते काय, ही सर्व माहिती लोप पावते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ती किती मिनिटांत पोहोचली हा तपशील प्रत्येक बातमीत एका ओळीत देता येईल. काही महिने सातत्याने असे छापले, तर रुग्णवाहिका कोठे उभी असावी याचा नकाशा वाचकांसमोर आपोआप तयार होईल.

मदत करणाऱ्याचाही यात लोप होतो. पंचनाम्यात नाव जाईल, साक्षीसाठी कोर्टाच्या फेऱ्या पडतील, या भीतीने माणसे थांबत नाहीत, असे आपण सर्रास म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर मदतकर्त्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ द्वारे त्यांना कायद्यात स्थान मिळाले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे रोकडरहित उपचार मिळू शकतात. ही माहिती घोषवाक्याच्या यमकात बसत नसल्यामुळे फलकांवर येत नाही. आणि ज्याला ती रस्त्यावर हवी असते त्याच्या हाताशी त्या वेळी राजपत्र नसते.

शब्दावर बंदी घालावी काय?

ब्रिटिश मेडिकल जर्नलने जून २००१ मध्ये आपल्या पानांतून 'अॅक्सिडेंट' हा शब्द वर्ज्य करण्याचा निर्णय जाहीर केला. बहुतेक इजा पूर्वकल्पना करता येण्याजोग्या व टाळता येण्याजोग्या असतात, त्यामुळे आकस्मिकतेचा अर्थ असलेला शब्द दिशाभूल करतो, अशी त्यामागील भूमिका होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ चा जागतिक आरोग्य दिन याच विषयाला वाहिला. मराठीतही 'अपघात' हा शब्द टाकून द्यावा, असा प्रस्ताव यावरून कोणी मांडू शकेल.

प्रस्तुत लेखकाला तो मान्य नाही. एक तर 'अपघात' हा शब्द कायद्यात, विम्यात, शासन निर्णयात आणि माणसांच्या तोंडी इतका रुजला आहे की त्याऐवजी 'वाहन-आघात' किंवा तत्सम घडीव शब्द पुढे केला, तर तो परिभाषा कोशात सुखाने झोपेल. दुसरे असे की, दोष नामात कमी व क्रियापदात जास्त आहे. 'अपघात झाला' या शब्दांनंतर 'कारण' हा शब्द आला आणि त्यापुढे चार नेमकी वाक्ये आली, तर 'अपघात' या शब्दाने काही बिघडत नाही.

भाषा बदलून ब्रेक लागत नाहीत, हा आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. तो खरा आहे. परंतु मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरण पाहावे. तेथे २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्या वर्षापासून महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन व महिंद्रा यांनी शून्य मृत्यूचा उपक्रम हाती घेतला आणि पुढील काही वर्षांत मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. या उपक्रमाचा पाया प्रत्येक अपघाताच्या तपशीलवार तपासाचा होता. 'ताबा सुटला' येथे न थांबता, ताबा सुटल्यावर गाडी कशावर आदळली, ती वस्तू तेथे का होती, तिच्यापुढे रोधक का नव्हता, असे विचारले गेले. रस्त्याकडेच्या कठीण अडथळ्यांपुढे रोधक आले, उघडी टोके झाकली गेली, आणि वेगावरील कारवाईही झाली. माणूस चुकणार हे गृहीत धरून चुकीची शिक्षा मृत्यू नसावी अशी रस्त्याची रचना करावयाची, हे स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारलेले धोरण येथे मराठी मुलखात उतरले. मात्र ते उतरले कंपन्या व महामंडळांच्या इंग्रजी अहवालांत. मराठी बातमीच्या वाक्यरचनेत ते आले नाही, आणि द्रुतगती मार्गाबाहेर, साइडपट्टी नसलेल्या राज्य मार्गांवर व तालुका रस्त्यांवर त्याची मागणीही मराठीत झाली नाही. जी गोष्ट आपल्या भाषेत मांडता येत नाही ती ग्रामसभेत मागताही येत नाही.

मोहोळ–पंढरपूर रस्ता हा आता संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाचा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५ चा भाग आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना पालखीसाठी स्वतंत्र पदपथ असेल असे जाहीर करण्यात आले होते. पायी चालणारा माणूस हा रस्त्याचा हक्काचा वापरकर्ता आहे, हे त्या घोषणेत महामार्गाच्या परिभाषेत मान्य झाले. पदव्युत्तर व व्यावहारिक मराठीच्या वर्गात बातमीलेखन शिकविताना विद्यार्थ्यांना या मार्गावर पाठवावे. पदपथ कोठे सलग आहे, कोठे तुटला आहे, त्यावर कोणाच्या गाड्या उभ्या आहेत आणि कार्तिकीच्या आठवड्यात सायंकाळी सहानंतर तेथे दिवे लागतात काय, हे त्यांनी चालत पाहावे व सकर्मक क्रियापदे वापरून लिहावे.